आवणीच्या दिवसांतला शाळेचा आठवडा

ता. अकोले, जि. अहिल्यानगर

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते, "तुमच्या शाळेतून पाढ्यांचा आवाज येत नाही म्हणतेस, मग पोरे दिवसभर शिकतात तरी काय?" वाडीवर रेंज टिकत नसल्यामुळे ते बोलणे अर्ध्यावरच तुटले. प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून या आठवड्यात वर्गात जे घडले ते सविस्तर लिहीत आहे. बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला अजून फार दिवस झालेले नाहीत, तेव्हा आई, हे पत्र तूच त्यांना वाचून दाखव.

सध्या इकडे आवणीची, म्हणजे भाताची रोपे खाचरांत लावण्याची, घाई आहे. जामखेडला तुम्ही आभाळाकडे डोळे लावून बसला आहात आणि त्याच जिल्ह्याच्या या टोकाला मात्र पाऊस उघडण्याचे नाव घेत नाही. घरातली मोठी माणसे उजाडताच खाचरांत उतरतात आणि तिसरी-चौथीतल्या मुलींवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम येते. गेल्या वर्षी या दिवसांत पटावरची निम्मी मुले घरी असत. यंदा सरांनी आणि मी घरोघरी जाऊन सांगितले की भावंडाला कडेवर घेऊन या, पण शाळा चुकवू नका. त्यामुळे आता माझ्या पहिली-दुसरीच्या वर्गात भिंतीला टेकून दोन-तीन बाळेही बसलेली असतात. त्यातले एखादे रडू लागले तर मुलेच त्याला आळीपाळीने खेळवतात आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात. शाळेत येणारी मुलगी टिकवायची असेल तर तिच्या घरच्या कामाची गाठही शाळेनेच सोडवायला हवी, असे मला वाटते.

आई, तू पाठवलेल्या बटणांच्या डब्याचा या आठवड्यात सगळ्यांत जास्त उपयोग झाला. पहिलीच्या मुलांनी आधी ती रंगावरून वेगळी केली, मग छिद्रांवरून, दोन छिद्रांची एकीकडे आणि चार छिद्रांची दुसरीकडे. एका मुलाने मात्र सगळी बटणे पुन्हा एकत्र केली आणि 'शर्टाची' व 'झंपराची' असे दोन ढीग लावले. प्रत्येक बटण हातात घेऊन ते कुठल्या ढिगात का ठेवले हे तो सांगत होता आणि बाकीचे त्याच्याशी वाद घालत होते. वर्गीकरण म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात त्यांना जेवढे कळले तेवढे मी सांगून कळले नसते.

दुसरीची गोष्ट बाबांसाठी लिहिते, कारण तिच्यावरून आपला पूर्वी वाद झालेला आहे. आपण 'सदतीस' म्हणतो तेव्हा सात आधी ऐकू येतो आणि तीस नंतर, पण लिहिताना मात्र तीन आधी लिहायचा असतो, म्हणून दुसरीतली कितीतरी मुले सदतीस ऐकून ७३ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तीस सात' अशीही मांडणी आली तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला होता आणि बाबा, तुम्हीही त्यावर चिडला होता. 'सदतीस' हा शब्द मुलांनी सोडावा असे माझेही म्हणणे नाही. घरात, बाजारात, बसमध्ये सगळीकडे तोच चालतो. परंतु त्या शब्दात तीन दहांचे गठ्ठे आणि वर सात सुटे दडलेले आहेत, हे मुलाने आधी हाताने अनुभवलेले असले पाहिजे.

त्यासाठी आम्ही कारवीच्या काड्या गोळा करून ठेवल्या आहेत. सोमवारी मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायला सांगितले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर रोपांच्या जुडीवानी झालं." मग मी पुस्तक बाजूला ठेवले. खाचरात रोपे वाहून नेताना कोणी एकेक रोप मोजत नाही, जुड्याच मोजतात, हे या मुलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आमच्या जुडीत मात्र बरोबर दहाच काड्या असायच्या, हा नियम त्यांनीच ठरवला आणि दशकाला त्या दिवसापासून वर्गात 'दहाची जुडी' असे नाव पडले. मी 'त्रेसष्ट' म्हटले की आधी सहा जुड्या उचलायच्या, मग तीन सुट्या काड्या, आणि त्यानंतरच पाटीवर लिहायचे. आठवड्याच्या शेवटी दोन मुले सोडून बाकी सगळ्यांचे अंक जागच्या जागी पडू लागले. त्या दोघांबरोबर मी पुढच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीनंतर वेगळी बसणार आहे.

वाचनाविषयी तर किती लिहू आणि किती नको असे झाले आहे. पहिलीतला एक मुलगा शाळा सुरू झाल्यापासून एक शब्दही बोलत नव्हता. मंगळवारी ओलाचिंब होऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "मपल्या बापाला खाचरात खेकडा घावला." मी ते वाक्य, त्याने म्हटले तसेच, एकही शब्द न बदलता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्याचा हात धरून प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवले. आपण बोललो ते बाईंनी लिहिले आणि ते पुन्हा तसेच वाचता येते, हे लक्षात आल्यावर तो त्या फळ्यापासून हलेना. बाकीच्यांनीही आपापली वाक्ये सांगितली. त्या वाक्यांतून आम्ही 'ख', 'क' आणि 'ड' शोधले, 'खा' आणि 'खे' शेजारीशेजारी मांडले, आणि 'खाचर', 'कडा', 'डबा' असे शब्द मुलांनी स्वतः जुळवले. पुस्तकी भाषेतले 'माझ्या वडिलांना शेतात खेकडा सापडला' हे वाक्य मी गुरुवारी त्याखाली लिहिले, आणि दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगतात हे मुलांनी हसत हसत ओळखले. पुस्तकाची भाषा त्यांना यायलाच हवी आणि ती येईलही. परंतु पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडची भाषा चुकीची ठरवली तर मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला वाचायला शिकवणे फार कठीण असते.

बाबा, पाढ्यांकडे येते. त्या खेकड्याला पाय किती, यावरून वर्गात दोन तट पडले, काही आठ म्हणत आणि काही दहा. बुधवारी तो मुलगा बादलीत खेकडा घेऊनच आला. चालायचे पाय आठ आणि पुढच्या दोन नांग्या, असे मिळून दहा पाय होतात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. मग एका खेकड्याचे दहा, दोन खेकड्यांचे वीस, तीन खेकड्यांचे तीस, असे करत दुसरीच्या मुलांनी दहाचा पाढा भिंतीवर चित्रांसह तयार केला, आणि नांग्या वगळून आठचा पाढाही त्याच चित्रांखाली लिहिला. तेव्हा पाढे आम्ही सोडलेले नाहीत. परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत आणि प्रतिज्ञा झाल्यावर ते रोज मोठ्याने म्हटले जातात. ते पाठ करण्याआधी पाढा कशाचा असतो हे मुलांना उमगलेले असावे, एवढाच माझा आग्रह आहे.

बुधवारी सर आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला गेले होते, त्यामुळे चारही वर्ग माझ्याकडे होते. अशा दिवशी चौथीची मुले पहिलीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. त्यात वाचणाऱ्याचाही सराव होतो आणि ऐकणाऱ्यालाही पुस्तकाची गोडी लागते. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट मला अगदी मनापासून पटते. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असे त्यात म्हटले आहे, पण तेही अर्थ समजून. पुष्कळदा मात्र घड्याळ लावून शब्दच मोजले जातात आणि अर्थाचे विचारायचे राहून जाते. म्हणून वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा 'पुढे काय होईल असे तुला वाटते?' हाच प्रश्न विचारते.

पोषण आहाराचे गणित तिसरी-चौथीच्या मुलांनी आपल्याकडे घेतले आहे. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. गुरुवारी २३ मुले हजर होती, म्हणून २ किलो ३०० ग्रॅम तांदूळ लागेल हे मुलांनी आधी वहीत काढले आणि मग स्वयंपाकाच्या मावशींसमोर तराजूवर तोलून दाखवले. मावशींनी खिचडीत शेवग्याचा पाला घातला होता. आई, तू करतेस त्या पाल्याच्या भाजीची आठवण आली.

१ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी असते. १९२० साली ज्या दिवशी मुंबईत टिळक गेले त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले, हे ऐकून मुले थक्क झाली. अण्णा भाऊ जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असे सांगतात, हेही मी त्यांना सांगितले. त्यावर चौथीतल्या एका मुलीने विचारले, "त्यांना कुणी शाळेत राहू का दिलं नाही?" जातीमुळे मुलांना कसे वागवले जाई हे मी तिच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, पण काहीही न लपवता सांगितले. ठरलेली भाषणे त्यानंतर झाली, पण त्या दिवशी खरे शिक्षण त्या प्रश्नानेच झाले असे मी म्हणेन.

शनिवारी मुले दप्तराविना येतात. आवणीला न जाऊ शकणाऱ्या दोन आजींना आम्ही बोलावले होते आणि त्या पदराच्या गाठीत घरचे बियाणे बांधून आल्या. वाल, घेवडे आणि काळभात व रायभोग या भातांचे दाणे त्यांनी मुलांच्या तळहातावर ठेवले आणि कोणते बी राखेत ठेवायचे, कोणते मडक्यात, हे सांगितले. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, त्यामुळे बियाण्याच्या कामाची थोरवी मुलांना वेगळी पटवून द्यावी लागत नाही. आजींचे बोलणे ऐकून तिसरीच्या मुलांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि बियाण्यांच्या पुड्यांवर चिकटवल्या.

आता बाबा, तुमच्याकडे एक काम आहे. चौथीच्या मुलांनी प्लास्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक केले आहे आणि रोजचा पाऊस ती भिंतीवरच्या तक्त्यात उभ्या पट्ट्यांनी दाखवत आहेत. इथला पाऊस प्रवरेतून भंडारदऱ्याच्या धरणात साठतो आणि तिथून संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतांना जातो, पुढे नदी नेवाशाजवळ गोदावरीला मिळते, एवढे त्यांना नकाशावर दाखवता येते. परंतु त्याच जिल्ह्यात पाऊस न पडणारी गावेही आहेत यावर त्यांचा विश्वास बसत नाही. माझे आई-बाबा जामखेडला राहतात आणि तिथे अजून पेरणीपुरताच पाऊस झाला आहे, असे सांगितल्यावर मुलांनी ठरवले की तुम्हीही पाऊस मोजावा आणि आकडे त्यांना कळवावेत.

सरळ बाजूंची बाटली घ्यावी, तिचा निमुळता भाग कापून उलटा करून त्याच बाटलीवर नरसाळ्यासारखा बसवावा, तळाला थोडे खडे टाकून खुणेच्या रेघेपर्यंत पाणी भरावे आणि त्या रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको, अंगणात मोकळ्यावर ठेवा आणि वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती विटा लावा. हवामान खाते रोज सकाळी साडेआठला मोजते, तीच वेळ मुलांनीही धरली आहे. मोजून झाल्यावर पाणी पुन्हा खुणेच्या रेघेशी आणून ठेवावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, ते गाळू नये. आकडे आईने पोस्टकार्डावर लिहून शाळेच्या पत्त्यावर पाठवावेत, कारण आलेले पत्र वर्गात मोठ्याने वाचण्याची पाळी कोणाची, हे मुलांनी आत्ताच ठरवून ठेवले आहे.

बाबांनी डोळ्यांत औषध वेळेवर घालावे आणि आईने गुडघ्याला तेल लावण्याचा कंटाळा करू नये. पोळ्याच्या सुमारास सुट्टी जोडून घरी येण्याचा विचार आहे.

कळावे.

तुमची लेक