'थँक यू'ला उत्तर काय द्यायचे?

संपादक महोदय,

इंग्रजी संभाषणाच्या पुस्तिका आणि वृत्तपत्रांतली भाषेची सदरे आभाराच्या धड्यापाशी आली, की एक जोडी देऊन मोकळी होतात. एकाने 'थँक यू' म्हणायचे, दुसऱ्याने 'वेलकम'. इंग्रजी शिकवणारे म्हणून आमची तक्रार या जोडीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आहे. आभार मानताना होणाऱ्या चुका बहुतेक व्याकरणाच्या असतात आणि ऐकणारा त्या पोटात घालतो. आभार स्वीकारताना चुकले तर समोरच्याला नकार ऐकू येतो, तुटकपणा ऐकू येतो, कधी चक्क नाराजी. तरी पानेच्या पाने खर्च होतात ती पहिल्या भागावर.

व्याकरणाचे आधी उरकतो. कारण सांगायचे असेल तर 'थँक यू'पुढे 'फॉर' हवे, आणि त्यापुढे नाम किंवा 'इंग' लागलेले क्रियापद: 'थँक यू फॉर युअर हेल्प', 'थँक यू फॉर कमिंग'. 'थँक यू टु कम' ही रचना इंग्रजीत नाही. 'थँक' हे क्रियापद, 'थँक्स' हे नाम. म्हणून 'थँक्स यू' आणि 'थँक्स गॉड' दोन्ही चूक. 'थँक्स अ लॉट' चालते, पण 'थँक यू अ लॉट' कानाला खटकते, तिथे 'व्हेरी मच' किंवा 'सो मच' घ्यावे. 'थँक्स अ लॉट' सपाट, ओढलेल्या सुरात म्हटले तर तो टोमणा होतो, हेही ध्यानात असू द्यावे. 'ग्रेटफुल'च्या पुढे माणसासाठी 'टु' आणि गोष्टीसाठी 'फॉर' येते. त्याचे स्पेलिंग महान या अर्थाच्या 'ग्रेट'वरून करू नये. सुरुवात जी-आर-ए-टी-ई अशी आहे.

व्याकरणापेक्षा महत्त्वाचे म्हणजे कशाबद्दल आभार, ते नेमके सांगणे. 'थँक यू फॉर एव्हरीथिंग' कुणालाही म्हणता येते. 'थँक यू फॉर चेकिंग द फिगर्स सो क्विकली' हे त्या एकाच माणसाला म्हणता येते, म्हणून ते पोचते. मात्र आभार कामाच्या मापाचे हवेत. दार धरून ठेवणाऱ्याला नुसते 'थँक्स' पुरते. त्याला 'आय ॲम एक्स्ट्रीमली ग्रेटफुल' म्हटले तर चेष्टा वाटेल. कुणी पाणी विचारले तर उत्तर 'यस, प्लीज' किंवा 'नो, थँक यू'. नुसते 'थँक यू' म्हणून मान डोलावली, तर विचारणारा भांडे हातात धरून उभाच राहतो.

आता उत्तरांकडे वळू. सुटे 'वेलकम' हे दारात आलेल्याचे स्वागत आहे. आभाराला उत्तर म्हणून पूर्ण 'यू आर वेलकम' म्हणावे. लिहिताना तुमचा या अर्थाचे 'युअर' तिथे घुसू देऊ नये, ही चूक मातृभाषा इंग्रजी असलेलेही सर्रास करतात. 'मेन्शन नॉट' भारतात सगळ्यांना समजते, पण बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटेल. मूळ वाक्य 'डोन्ट मेन्शन इट' असे आहे.

सर्वांत नडते ते 'इट्स ओके'. ते मुख्यतः 'सॉरी'चे उत्तर आहे. आभाराला ते दिले, की समोरच्याने काही आगळीक केली होती आणि आपण ती माफ करत आहोत, असा भास होऊ शकतो. 'नो थँक्स' म्हणजे तर सरळ नकार; 'आभार कसले' या भावनेने ते म्हणू नये. 'नो नीड टु थँक मी'मध्ये व्याकरणाची खोट नाही, पण सूर जरा कडक झाला तर ती समज दिल्यासारखी वाटते. 'सेम टु यू' शुभेच्छांना द्यावे, आभारांना नव्हे. आपल्यालाच समोरच्याचे आभार मानायचे असतील तर 'थँक यू'च म्हणावे आणि जोर 'यू'वर द्यावा. इथे एक गंमत आहे: 'नो, थँक यू' यात जोर 'थँक'वर असला तर नकार, आणि 'यू'वर असला तर 'छे, आभार तर मीच तुमचे मानायचे'. अक्षरे तीच, म्हणून छापील धड्यातून हे शिकता येत नाही, ते ऐकवावेच लागते.

'विथ प्लेझर' आणि 'माय प्लेझर' यांत वेळेचा फरक आहे. विनंती आली, काम अजून व्हायचे आहे, तेव्हा 'विथ प्लेझर'. काम झाले, आभार मानले गेले, त्यानंतर 'माय प्लेझर'. 'नो प्रॉब्लेम' आणि 'नो वरीज' बरोबरीच्या लोकांत खुशाल वापरावे. काही जुन्या वळणाच्या माणसांना त्यात 'त्रास होता, पण चालवून घेतला' असे ऐकू येते. आमच्या मते हा आक्षेप जरा ताणलेला आहे. तरी ग्राहकाशी किंवा वरिष्ठांशी बोलताना 'यू आर वेलकम' म्हणण्याने काही बिघडत नाही. 'एनी टाइम' मात्र जपून वापरावे. ते ऐकणारा पुन्हा येऊ शकतो.

'इट्स माय ड्युटी' हे नम्रपणे म्हटले जाते आणि कोरडे ऐकू जाते, जणू नाइलाजाने केले. त्याऐवजी 'ग्लॅड आय कुड हेल्प' म्हणावे. श्रेय इतरांचेही असेल तर 'थँक यू, आय विल पास इट ऑन टु द टीम'. कौतुकाला 'नो, नो' करत राहिले तर कौतुक करणाऱ्याचीच पारख चुकली असे होते. 'थँक यू, आय ॲम ग्लॅड यू लाइक्ड इट' एवढ्याने काम भागते.

ईमेलमध्ये शेवटी येणारे 'थँकिंग यू' आता जुनाट वाटते, 'थँक यू' लिहावे. 'थँक्स इन ॲडव्हान्स' अनोळखी माणसाला लिहू नये, त्यात होकार गृहीत धरलेला असतो. 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड रिप्लाय बाय फ्रायडे' हे बरे. हेच 'ॲप्रिशिएट' वापरून लिहायचे तर त्यानंतरचे 'इट' गाळू नये: 'आय वुड ॲप्रिशिएट इट इफ...'. आभाराच्या ईमेलला सहसा उत्तर लागतच नाही, आणि दिलेच तर ते सगळ्यांना एकदम पाठवू नये.

आपल्या वृत्तपत्रात इंग्रजीविषयी मजकूर छापताना प्रत्येक उत्तरापुढे तीन गोष्टी द्याव्यात ही विनंती: कोण कुणाला म्हणते, काम होण्याआधी की नंतर, आणि जोर कोणत्या शब्दावर.

आपले,
इंग्रजीचे काही अध्यापक