बिरड्याच्या सणाआधी

ठाणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

यरुशलेममध्ये आता ट्राम धावते, घरांचे भाव गगनाला भिडलेत, मग तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वी जळालेल्या मंदिराच्या राखेसाठी आपण यहुद्यांनी तिशा बेआवला, म्हणजे आपल्या बिरड्याच्या सणाला, अजून उपाशी का राहायचं, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून लिहितेय.

आजोबा गेले तेव्हाचं आठव. पप्पा सात दिवस जमिनीवर बसले, महिनाभर दाढी केली नाही, अकरा महिने काद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटली. पहिला दिवस सगळ्यांत जड, मग एकेक नियम सैल होत गेला. तिशा बेआवचं बरोबर उलटं आहे. यरुशलेमच्या तटाला खिंडार पडलं त्या दिवशी, म्हणजे आपल्या पंचांगातल्या तम्मूझ महिन्याच्या सतरा तारखेला, एक उपास, तिथून पुढे लग्नकार्य नाही. त्यानंतरचा आव महिना लागला की मटण-चिकन बंद. आणि आवच्या नवव्या दिवशी, तिशा बेआवला, अन्न-पाणी, आंघोळ, तेल, चामड्याची चप्पल, सगळंच बंद. जो माणूस आपण डोळ्यांनी पाहिला, त्याच्यासाठी रडू आपोआप येतं. इ. स. पूर्व 586 मध्ये बाबिलोनच्या राजा नबुखद्नेस्सरने जाळलेलं मंदिर, नाहीतर इ. स. 70 मध्ये रोमन फौजेने जाळलेलं दुसरं, आपल्यापैकी कुणी पाहिलंय? त्या रडण्यापर्यंत पायरी पायरीनेच जावं लागतं. मला तरी या नियमांचा अर्थ असाच लागतो.

गंमत बघ, आपल्या बेने इस्राएल पूर्वजांचं गलबत अलिबागजवळच्या नवगावपाशी फुटलं तेव्हा दुसरं मंदिर अजून उभंच होतं, असं आपल्याकडचे बरेच जण मानतात. तरीही त्याचं सुतक कोकणात पोचलं आणि रुजलं. आव महिना बहुतेक वर्षी गटारीच्या आसपास लागतो. इकडे शेजारपाजारी श्रावण पाळतात, तिकडे आपलंही मटण बंद, त्यामुळे चाळीत कुणी कधी विचारलंच नाही की तुम्ही का खात नाही. आणि पावसात सगळं ठाणं रबरी चपलांतच फिरतं!

बिरड्याचं मात्र मनावर घे. उपासाच्या आधीच्या जेवणात शिजवलेला एकच पदार्थ असावा. आपल्या घरी तो कडव्या वालांचा, सोबत तांदळाची भाकरी. वाल दोन दिवस आधी भिजत घाल, फडक्यात घट्ट बांधून मोड आण. मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोल. अंगठ्याने हलकं दाबलं की साल सुटते आणि डाळिंबी अख्खी बाहेर येते. घाई केलीस तर तुटते आणि कालवणाचा लगदा होतो. तुझी आजी हे सोलताना कुणाशी बोलत नसे. तिकडे इस्राएलमध्ये रामल्याला भारतीय दुकानात वाल मिळतात म्हणे. नाही मिळाले तर मसूर चालेल, शोकाच्या घरी तो पूर्वापार चालत आलाय. जेवायला जमिनीवर बस.

रात्री सिनॅगॉगमध्ये जा. इथे हेखालवरचा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या, गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटावरचा, पडदा काढून ठेवतात, दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात एखा, म्हणजे विलापगीत, वाचतात. पडद्याविना उघडा पडलेला तो लाकडी दरवाजा दिसला की मला वाचनापेक्षा जास्त लागतं. त्या दिवशी भेटल्यावर कुणी कुणाला शालोम म्हणत नाही. मी फोन उचलून गप्प राहिले तर रागावलेय असं समजू नकोस. तोराचा अभ्याससुद्धा नाही, कारण त्याने मन सुखावतं. वाचायचंच तर दुःख सोसणाऱ्या इय्योबाचं पुस्तक वाच. दुपार टळली की जमिनीवरून उठून खुर्चीवर बसायला हरकत नाही, आणि तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेवेळी कपाळावर आणि दंडावर बांधायच्या चामडी पेट्या, सकाळी घातले नसतील तर मिन्हाला, दुपारच्या प्रार्थनेला, घालतात. उपास संपायच्या आधीच सांत्वन सुरू होतं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता तुझ्या पित्ताचं. तिकडे उन्हाळा कडक असतो. आदल्या दिवशी दुपारपासून पाणी पीत राहा, चहा कमी कर. आजाऱ्याला या उपासातून सूट आहे. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचार आणि ते सांगतील तसं कर, उगाच शूरपणा नको. सुटल्यावर लगेच मटणावर तुटून पडू नकोस. मंदिर नवमीच्या संध्याकाळी पेटलं ते दशमीला दिवसभर जळत होतं, म्हणून आपण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबतो. त्यानंतर काय शिजवतोयस ते कळव.

तुझी,
आई