लेथ घेतलास, आता ऐक

कुर्ला, मुंबई
८ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकवर होता (चक म्हणजे जॉब पकडून फिरवणारा जबडा), म्हणून नीट बोलता आलं नाही. साकीनाक्याला गाळा घेतलास, जुना सहा फुटी लेथ, जॉब फिरवून कापणारं मशीन, आणलास, भाचा आयटीआय करून हाताखाली येतोय. ऐकून फार बरं वाटलं, आणि रात्री झोपही येईना. म्हटलं, पत्रच लिहावं. फोनवरचं विसरायला होतं, कागद गाळ्याच्या कपाटात राहतो.

आधी हातमोज्यांचं. आपल्या जुन्या कारखान्यात त्या पोराचं काय झालं ते तू पाहिलंस. फिरत्या रॉडवर मोजे घालून पॉलिश पेपर धरला, मोजा ओढला गेला, आणि मी स्टॉपपर्यंत पोचेतो दोन बोटं गेली. ती किंकाळी अजून कानात आहे. भाच्याला पहिल्याच दिवशी सांग, मोजे फक्त जॉब चढवता-उतरवताना. चक फिरायच्या आधी ते काढून ठेवायचे. लांब बाही, अंगठी, गळ्यातली साखळी, मनगटावरचा देवाचा धागा, काही नको. धाग्यावरून तो कुरकुरेल, आईने बांधलेला असेल. काढून डबीत ठेवू दे. पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळायचा नाही. लांब पट्टी कापून दोन्ही टोकं दोन हातांत धरायची. लांब चिप, म्हणजे किसाची तार, निघाली तर हूकने ओढायची, तीही मशीन थांबवून. आणि चकची चावी! चक आवळला की हात चावीवरून उठायच्या आधी चावी बाहेर. चावी तशीच राहून मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटते. चष्मा तर हवाच. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापताना उडणारा कीस डोळ्यात गेला की चोळू नका, सरळ डॉक्टर गाठा.

जुन्या मालकाने मोटर थेट मेन स्विचवर जोडली होती, असं तू सहज सांगून गेलास. मला ते ऐकून धस्स झालं. लाईट जाते, माणूस विसरून चकमध्ये हात घालतो, आणि लाईट येताच मशीन आपोआप फिरतं. स्टार्टर बसव. त्यातली नो-व्होल्ट कॉइल लाईट गेली की मोटरची जोडणी सोडते, मग हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरप्रमाणे लाव. तीनपैकी एक फेज गेला तर मोटर घुमते, तापते आणि जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटरही घे. लाल बटण मशीनच्या पुढे, हात सहज पोचेल असं हवं. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घे. इथे पैसे वाचवू नकोस, हवं तर मी देतो.

आता पाऊस. २६ जुलै २००५ तुला सांगायला नको. सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, मिठी नदीचं पाणी आमच्या गाळ्यात शिरलं आणि लेथच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब रुळांवर, आलं. पाणी उतरल्यावर शेजाऱ्याने चिखलातच स्विच टाकला, त्याची मोटर गेली. मी वायर सोडवल्या, मोटर उघडून धुतली, पार वाळवली, इन्सुलेशन मोजायचं मेगर लावून ते ठीक आल्यावरच जोडली. हेडस्टॉकमधलं, म्हणजे चक फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीतलं, तेल दुधासारखं झालं होतं. काढलं, धुतलं, नवं भरलं, मशीन थोडा वेळ फिरवून तेही बदललं. बेडवर सरकणारा सॅडल उतरवून खालची रेती चिंध्यांनी पुसताना दोन दिवस गेले. तोच लेथ आज चालतोय. तुझा गाळा सखल आहे, म्हणून विजेचं पॅनेल आत्ताच छातीच्या उंचीवर घे.

पूर नसला तरी मुंबईची हवा लोखंड खाते. जेवायला जाताना बेडवर घामट हाताचा ठसा राहिला तर संध्याकाळी तो तांबडा दिसतो. रोज मशीन बंद करून, ब्रशने कीस झाडून, बेड पुसून ६८ नंबरचं स्लाइडवे तेल लावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कीस सॅडलच्या खाली जाऊन बसतो आणि वर डोळ्यातही जातो. बीड कापलं असेल तर त्याच वेळी पुसा. त्याची काळी पूड तेलात मिसळली की बेड घासते.

कूलंटचं, म्हणजे कापताना जॉबवर सोडायच्या तेलकट पाण्याचं, एकच. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही. सोमवारी गाळा उघडताच कुजका वास आला तर समज, वर तरंगणाऱ्या तेलाखाली जंतू वाढलेत. ते तेल काढ, टाकी धू, नवं भर. भाच्याच्या हातांना खाज सुटली तर त्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

रविवारी सकाळी येतो. मीटरमागे ०.०२ मिलिमीटरचा फरक दाखवणारी लेव्हल माझ्याकडे आहे, बेड लावून घेऊ. मग टेस्ट बार, म्हणजे अचूक घासलेला सरळ दांडा, लावून चकसमोरचा टेलस्टॉक सरळ आहे का बघू. जुना आहे, थोडा टेपर मारणारच, म्हणजे जॉब एका टोकाला बारीक कापणारच. तोवर त्या मेन स्विचला हात लावू नकोस.

वहिनींना नमस्कार. भाच्याला आशीर्वाद, आणि अंगावर बेताचे बसणारे अर्ध्या बाहीचे सुती कपडे शिवून घे म्हणावं.

तुझा,
शेजारच्या मशीनवरचा जोडीदार