कुरुंदकर गुरुजींची पुस्तके हाती ठेवणाऱ्या ग्रंथपाल ताईंस

आदरणीय ताई,
सादर प्रणाम.

आपले नाव कुठेही छापू नये असे आपण बजावले आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही. जाहीर आभार मानू नयेत असे मात्र आपण म्हणाला नव्हता, तेवढ्या सवलतीचा फायदा घेतो आहे. आमच्या मराठी विभागाने अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी विचारवंत आणि समीक्षक नरहर कुरुंदकरांची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका नुकतीच तयार केली. लेखनाचे काम माझ्याकडे होते, पण ती ज्या वाचनावर उभी आहे ते सारे आपल्या वाचनालयात आणि आपल्या धाकात झाले.

कुरुंदकरांवर लिहायचे म्हटले की नांदेड-परभणी-हिंगोली भागात आठवणींना तोटा नाही. ज्यांनी त्यांचे व्याख्यान ऐकले आहे अशी वडीलधारी माणसे आजही भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात गुरुजी इतके मोठे होत जातात की त्यांनी लिहिले काय, हे विचारायचे राहूनच जाते. आपण पहिल्याच भेटीत सांगितलेत, "आठवणी मागाहून गोळा करा. आधी पुस्तके वाचा, आणि ज्या क्रमाने आली त्या क्रमाने वाचा." मग ‘रूपवेध’, ‘मागोवा’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ अशी एकेक पुस्तके आपण देत गेलात. पहिले परत केल्याशिवाय दुसरे नाही, हा नियम आपण माझ्यासाठीही सैल केला नाहीत; तेव्हा थोडा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

त्या क्रमाचा उपयोग असा झाला की १९६३ साली सौंदर्यशास्त्राची चर्चा करणारा लेखक पुढच्या सहा-सात वर्षांत राजकारण, धर्म आणि जमातवाद या प्रश्नांकडे कसा वळला, हे सलग दिसले. विषय बदलले तरी रीत तीच राहिली, आणि ती वर्गात शिकवणाऱ्या माणसाची आहे: ज्याचे मत खोडायचे त्याची बाजू त्याच्यापेक्षाही नीट मांडायची, तिच्यातले बळ मान्य करायचे आणि मगच आपला मुद्दा काढायचा. गांधीजींवर लिहिताना आणि त्यांच्या विरोधकांवर लिहितानाही त्यांनी ही शिस्त सोडलेली नाही. (‘रूपवेध’ मात्र मला आजही जड जाते, आणि मुलांच्या हाती ते पहिले पुस्तक म्हणून देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. आपण हसाल, हसा.)

चरित्राच्या भागातही आपला सल्ला मोलाचा ठरला. १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे जन्मलेला हा मुलगा निजामाच्या राज्यात वाढला. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. ज्या विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवलेले होते, तेथे राहून त्यांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास केला. हैदराबादेत शिकत असताना कुरुंदकरांचे वाचन अफाट वाढले आणि इंटरच्या परीक्षेत मात्र ते पुन्हा पुन्हा नापास होत राहिले. हा तपशील विद्यार्थ्यांसाठीच्या पुस्तिकेत शोभणार नाही, असे आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे पडले. आपण एवढेच विचारलेत, "गुरुजींनी स्वतः तो लपवला होता का?" तपशील राहिला. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत आणि त्यानंतर पीपल्स कॉलेजात त्यांनी शिकवले, तेथेच ते प्राचार्य झाले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावर बोलत असतानाच, वयाची पन्नाशीही पुरी होण्याआधी, गेले.

शिवाजी महाराजांवरील रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची, कुरुंदकरांची प्रस्तावना असलेली जुनी प्रत आपण कपाटातून काढून टेबलावर ठेवलीत, तेव्हा कादंबरीची पाने बऱ्यापैकी कोरी होती आणि प्रस्तावनेची पाने कडांना काळवंडून मऊ पडली होती, समासात किमान तीन वेगवेगळ्या हातांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. प्रस्तावनेपुरते पुस्तक नेणारे वाचक या तालुक्यात होते, हे मला कुठल्याही आठवणीतून कळले नसते. ही प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्रच आहे. महाराजांचे मोठेपण केवळ लढायांतल्या जयपराजयात न पाहता, त्यांनी उभ्या केलेल्या राज्यात आणि त्यांच्या मागे औरंगजेबाशी झुंजत राहिलेल्या सामान्य माणसांत पाहायला ते शिकवते. पुस्तिकेत सर्वांत जास्त जागा मी याच प्रस्तावनेला दिली आहे, आणि त्या खुणा केलेल्या अनोळखी वाचकांचेही आभार आपल्यामार्फतच मानतो.

पुस्तिकेच्या पाच प्रती वाचनालयासाठी सोबत पाठवीत आहे. आमच्या वर्गातील दोन मुलींनी ‘जागर’ वाचायला मागितले आहे. त्यांना सभासद करून घ्यावे, अनामत रक्कम मी भरीन. नियम त्यांनाही तोच लावावा.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
हिंगोली जिल्ह्यातील एक मराठीचा शिक्षक