मोफत संगणक वर्ग ओस का पडतात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक ग्रंथालयातल्या मोफत संगणक वर्गांना माणसे फिरकत नाहीत, अशी तक्रार नेहमी कानावर येते. ‘लोकांनाच शिकायचे नाही’ असे म्हणून विषय संपवलाही जातो. अशा वर्गांत मी हौसेने शिकवतो. मला हे पटत नाही.

वर्गाची सूचना संकेतस्थळावर, नावनोंदणी ऑनलाइन, जागा मिळाल्याचा निरोप ई-मेलवर! एवढे सगळे ज्याला जमते तो या वर्गात कशाला येईल? पुस्तकांची देवघेव चालते तिथेच एक वही ठेवावी, फोनवरूनही नाव घ्यावे. नाव देऊन न येणारे बरेच असतात, कारण फुकटच्या गोष्टीत बुडण्यासारखे काही नसते. आदल्या दिवशी फोन करून आठवण दिली की फरक पडतो. शिवाय बारा संगणक असतील तर पंधरा नावे घ्यायला हरकत नाही.

मुळात बहुतेकांना ‘संगणक’ शिकायचाच नसतो. त्यांचे एखादे काम अडलेले असते: अर्जाला फोटो जोडायचा असतो, विसरलेला पासवर्ड बदलायचा असतो, दूरच्या नातवंडाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे असते. ते एक काम दीड तासात हातावेगळे करून देणारा वर्ग ठेवा, फलकावरही तेच लिहा. येताना स्वतःचा मोबाइल आणायला सांगा. दहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तिसरा तास चुकला की चौथा डोक्यावरून जातो आणि मग माणूस संकोचाने येणेच सोडतो. म्हणून प्रत्येक तास स्वतंत्र असावा.

आठवड्यातून एक वेळ नुसत्या सरावासाठीही मोकळी हवी. विंडोज ३.० बरोबर १९९० मध्ये सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला आणि पत्ते इकडून तिकडे ओढता ओढता कित्येकांचा हात माउसवर बसला. ग्रंथालयात पत्ते कसले, असे म्हणणाऱ्यांनी नवख्या माणसाला एकदा तो खेळताना पाहावे.

वेळेबद्दल फार सांगायला नको. नोकरदाराला सकाळी अकराचा वर्ग काय कामाचा? आणि ज्येष्ठांना रात्री आठचा नको असतो.

‘हे ग्रंथालयाचे काम आहे का?’ असाही प्रश्न काही जण विचारतात. सार्वजनिक ग्रंथालयांविषयीच्या युनेस्कोच्या १९९४ च्या जाहीरनाम्यात संगणक साक्षरतेला हातभार लावणे हे ग्रंथालयाच्या कामांतच धरले आहे. तेव्हा हा उपकार नव्हे.

आपल्याला एक विनंती. या वर्गांची ज्यांना खरी गरज आहे, त्यांतले बरेच जण आजही छापील वर्तमानपत्र वाचतात. आठवड्यातून एकदा या वर्गांचे वार, वेळ आणि फोन क्रमांक ठळक टाइपात छापावेत. चार-पाच ओळींची जागा पुरे.

आपला,
एक वाचक