रविवारचा बेत रद्द कर

प्रिय मित्रा,

‘झाडांची दाटी झालीय, रविवारी एक झाड उपटतो आणि पलीकडे लावतो’ म्हणे! अरे, ते झाड आहे, खुंटी नव्हे. आधी माझ्या अंजिराचं ऐक.

काडीएवढी रोपं होती म्हणून अंजीर आणि आणखी दोन झाडं हातभर अंतरावर लावली. चूक माझीच. पाच वर्षांत शेजारची दोन्ही डोक्यावर गेली आणि अंजीर उजेडासाठी कुंपणाकडे वाकून कुबडं झालं. अंजिराच्या फांदीला सहज मुळं फुटतात, नवं झाड करता आलं असतं. पण मला हेच हवं होतं. हट्ट म्हण.

हलवलं एका पानगळीत, पण तयारी त्याच्या आदल्या पानगळीपासून. पाणी शोषणारी बारीक मुळं बुंध्यापाशी नसतात, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. सरळ खणलं की ती सगळी मागेच राहतात. म्हणून बुंध्याभोवती 20 इंच व्यासाचं वर्तुळ आखून धारदार फावड्याने मुळं कापली, माती पुन्हा दाबली, आणि वर्षभर फक्त पाणी घातलं. कापलेल्या टोकांना जवळच तंतुमुळं फुटली. मग त्या वर्तुळाच्या दोन इंच बाहेरून खणलं. बुंध्याच्या जाडीच्या इंचाला 10 ते 12 इंच व्यासाचा, मुळांसकट मातीचा गोळा, असा हिशेब असतो. माझा बुंधा दोन इंचांचा. एवढा गोळा शंभर किलोच्या वर जातो, तेव्हा कंबर सांभाळ! गोणपाटात आवळून, खालून धरून सरकवला. खोडाला धरून उचललंस तर माती गळून पडेल आणि मुळं तुटतील.

नवा खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल मात्र गोळ्याएवढाच. खाली भुसभुशीत माती राहिली की झाड खचतं, आणि बुंधा जिथे रुंदावून मुळं सुरू होतात तो भाग गाडला जातो. तो उघडाच दिसला पाहिजे. माती तीच भरली, खत नाही.

करवत मात्र हातात घेतली होती. मुळं गेली तर फांद्याही तेवढ्याच उडवाव्यात, असं मला वाटायचं. पण नवी मुळं करायला अन्न पानंच देणार ना? वाळक्या दोन फांद्या काढल्या आणि करवत ठेवून दिली.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. पानं बारकी, वाढ जवळजवळ नाहीच. भोवतालची माती ओली दिसायची आणि गोळा आत कोरडा. रोज बोट खुपसून पाहायचो. घरच्यांनी चेष्टा केली. झाड सावरायला जाडीच्या इंचाला एक वर्ष लागतं, म्हणजे मला दोन वर्षं धीर धरायचा होता.

ती आता संपली. खोडाचं कुबड तसंच आहे, ते जायचं नाही. पण नवे फुटवे चारी बाजूंनी निघालेत.

तुझ्या झाडाचा बुंधा जमिनीपासून सहा इंचांवर किती जाड आहे, मोजून कळव. चार इंचांच्या पुढे असेल, तर तुम्हा दोघा-तिघांचं ते काम नाही. मग शेजारचं कुठलं काढायचं ते बघू.

तुझाच,
अंजीरवाला