रविवारच्या ट्रॅक-डेआधी टायर बघून घ्या

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता पिट लेनमध्ये (ट्रॅकलगतच्या, गाड्या थांबवायच्या पट्ट्यात) टायरतपासणी आहे. त्यात पास झालेली गाडीच ट्रॅकवर जाईल.

- खाचांची खोली १.६ मिमीपेक्षा कमी किंवा कडेला फुगवटा असेल तर गाडी बाहेर. वाद नको.
- टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा: तो टायर कधी बनला ते सांगतो. ३२२३ म्हणजे २०२३ चा ३२वा आठवडा.
- प्रेशर गेज स्वतःचा आणा. टायर तापले की दाब वाढतो. ट्रॅकवरून आल्या आल्या मोजा, जास्तीची हवा सोडा. परतीआधी पुन्हा भरा, हे हमखास विसरतं.

नवे टायर घेणार असाल आणि त्यांवरच घरी जाणार असाल, तर सेमी-स्लिकचा (ट्रॅकसाठीचे, अगदी कमी खाचांचे टायर) मोह आवरा. थंड असताना त्यांची पकड कमी, साचलेल्या पाण्यात तर धोकाच.